आमवाताच्या गोळ्या, गुळवेलीचा काढा आणि आईचा एसजीपीटी २१२

हरिपूर_रस्ता

नमस्कार. सांगलीतून लिहितेय. जरा मोठं होईल, पण नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आई ५८ वर्षांची. चार वर्षांपासून आमवात आहे. सकाळी उठल्यावर मुठी वळायच्या नाहीत, वेणी घालता यायची नाही. मेथोट्रेक्सेट सुरू झाल्यावर खूप फरक पडला. दर रविवारी १५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, आणि फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, कायम तिशीत असायचा. गेल्या आठवड्यात २१२ आला. लॅबवाल्यांनी तोच नमुना पुन्हा लावून बघितला, आकडा तोच.

डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट थांबवलं आणि विचारलं, "याशिवाय दुसरं काही घेता का?" आई म्हणाली, "नाही." मी शेजारी होते. मीही नाही म्हणाले. लपवायचं म्हणून नव्हे, त्या क्षणी दोघींनाही खरंच काही आठवलं नाही.

घरी आले आणि ओट्यावर काढ्याचं पातेलं उपडं घातलेलं दिसलं. मग एकेक आठवत गेलं.

परसातल्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. दिवाळीनंतर सांधे परत धरायला लागले तेव्हा आईनं रोज वीतभर कांडं ठेचून, उकळून अनशापोटी घ्यायला सुरुवात केली. म्हणजे जवळजवळ चार महिने. मामेभावानं पुण्याहून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या, त्यात मिरीचा अर्कही आहे. त्या दिवसाला दोन. आणि आठवडी बाजारात एक माणूस सांधेदुखीची पुडी देतो, तीही मधून मधून.

दोन दिवसांनी डॉक्टरांना फोन करून काढा आणि कॅप्सूल सांगितली. ते रागावले नाहीत. सगळं बंद करा म्हणाले, काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करायला सांगितली, दोन आठवड्यांनी परत रक्त. पुडीचं मात्र माझ्याकडून सांगायचं राहिलं. तिची लाज वाटली, खरं सांगायचं तर.

आईचं म्हणणं एकच आहे. "गोळ्यांनी लिव्हर बिघडलं, मी तर ते सुधारायला काढा घेत होते." हळदीनं काही होऊ शकतं हे तर ती ऐकूनच घेत नाही. सांगलीत जन्म गेलाय तिचा. कुणाच्या घरी असं झालंय का? आणि तिला कसं समजावू?

वॉर्ड_सिस्टर

मिरजेत नोकरी करते, बावीस वर्षं झाली. ताई, तुम्ही दोघी खोटं बोलला नाहीत. "औषध घेता का" म्हटलं की माणसाला चिठ्ठीवरची गोळी आठवते. काढा हा चहासारखा रोजचा झालेला असतो, चूर्ण फराळाच्या डब्याशेजारी असतं, कॅप्सूल "शक्तीची" असते. यातलं काहीच औषधाच्या खान्यात बसत नाही.

म्हणून मी तसं विचारतच नाही. मी म्हणते, "आजी, सकाळी तोंड धुतल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं ते सांगा." मग निघतं. कोरफडीचा रस, मेथीदाणे, कुणीतरी आणलेली मुळी. आमच्याकडे जत, विजापूर, सांगोल्याकडून पेशंट येतात आणि पिशवीत रिपोर्टबरोबर एक कागदाची पुडी हमखास असते.

आईकडे लक्ष ठेवा. जेवण नकोसं होणं, मळमळ, अंगाला खाज, लघवी चहासारखी गडद, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, यातलं काहीही दिसलं तर दोन आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. एसजीपीटी वाढणं एक आणि त्याबरोबर बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणारं द्रव्य, वाढणं दुसरं. दोन्ही एकत्र वाढले की आम्ही सगळे सावध होतो.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू दे. चुकून रोज घेतलेली एक बाई आमच्याकडे आली होती. तोंड आतून सोललेलं, पाण्याचा घोट जात नव्हता. आम्ही आता पाकिटावर पेनानं "रविवार" लिहून देतो.

आटपाडीकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुळवेल म्हणजे अमृता. माझे वडील दहा वर्षं घेतात, ७८ वय आहे, अजून रानात जातात. चार वर्षं ती जहाल गोळी पोटात जाते तिला कुणी काही म्हणत नाही आणि परसातल्या वेलीवर आळ. मेथोट्रेक्सेटनं लिव्हरला त्रास होतो हे डॉक्टरच सांगतात ना? म्हणूनच तर दर तीन महिन्यांनी रक्त काढतात. मग चोर समोर असताना दुसरीकडं का शोधायचं?

वैद्य_कऱ्हाड

आटपाडीकर, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयुर्वेदाचाच चिकित्सक आहे, गुळवेल रोज वापरतो.

मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकतं, अगदी खरं. पण त्यावर पाळत आहे. चार वर्षं आकडे तिशीत होते. काढ्यावर कुणाचीच पाळत नव्हती आणि बदल झाला तो त्या चार महिन्यांत. यावरून काढाच दोषी असं सिद्ध होत नाही, पण त्याला चौकशीतून वगळताही येत नाही.

२०२० च्या शेवटी मुंबईच्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण दिसले. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते आणि कावीळ घेऊन आले. २०२१ मध्ये ते छापून आल्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा तो आक्षेप होता. मलाही तेव्हा तो पटला होता. पण २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातलं चित्र असं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते, तशा प्रकारची ती इजा होती. थायरॉइडसारखा स्वप्रतिकाराचा आजार आधीपासून असलेले त्यात बरेच होते.

आता आमवात काय आहे? प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या सांध्यांवर उलटणं. मेथोट्रेक्सेट ती यंत्रणा शांत करतं. गुळवेल आपण देतो कशासाठी? ती चेतवण्यासाठी. एका हातानं लगाम ओढायचा आणि दुसऱ्यानं चाबूक, असं होतं ते.

तुमच्या वडिलांना दहा वर्षं काही झालं नाही, यात नवल नाही. बहुतेकांना होत नाही. पण त्यांना आमवात नाही आणि ही गोळीही नाही. नीट योजलं तर विषही औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधाचंच विष होतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कुणाला, किती, किती दिवस, हे न ठरवता चार महिने रोज अनशापोटी घेणं हा आयुर्वेद नव्हे. स्वप्रतिकाराचा आजार असून अशा गोळ्या चालू असलेल्यांना मी गुळवेल देणं थांबवलं आहे.

पेवातली_हळद

ताई, तुमच्या आईला हे वाचून दाखवा. मार्केट यार्डात आमची तिसरी पिढी. हरिपूरच्या पेवांत आजोबांची हळद असायची. जमिनीखाली दोन-तीन पुरुष खोल, आत वर्षानुवर्षं माल राहायचा. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, तेव्हा वडील तीन दिवस जेवले नव्हते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. हळदीविरुद्ध कुणी बोललं तर मला लागतं, हे समजून पुढचं वाचा.

हळद आणि ती कॅप्सूल एक नव्हे. आम्ही माल विकताना करक्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या मुख्य पिवळ्या घटकाचा, टक्का बघतो. तो साधारण तीनच्या आसपास असतो. आमटीत अर्धा चमचा हळद पडली तर दीड ग्रॅम. घरात चार माणसं, म्हणजे माणशी पाऊण ग्रॅमच्या निम्मी. त्यातलं करक्युमिन दहा-बारा मिलिग्रॅम. त्यातलंही शरीरात फार थोडं शोषलं जातं, उरलेलं तसंच बाहेर.

कॅप्सूलवर बघा काय लिहिलंय. बहुतेक ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के. एका कॅप्सूलमध्ये जेवणाच्या चाळीसपट. आणि मिरीचा अर्क घातलाय तो चवीला नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरिनमुळं माणसाच्या रक्तात करक्युमिन वीसपट जातं. आता गुणाकार करा. असली हळद आपल्या आजीनं, पणजीनं कधी खाल्लीच नव्हती. तिच्या दाखल्यानं ही कॅप्सूल निर्धोक ठरत नाही.

अमेरिकेत अशा कॅप्सूलींनी यकृत बिघडलेल्या दहा जणांचा अभ्यास झालाय. त्यातल्या सात जणांत एका जनुकाचा एकच विशिष्ट प्रकार सापडला. म्हणजे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होणार त्याला ते आधी माहीत नसतं.

आमटीतली हळद बंद करू नका. आईला तेवढं नक्की सांगा.

औषधवाला_विटा

मी फार्मासिस्ट. सगळे गुळवेल आणि हळदीवर बोलताहेत, माझं लक्ष त्या पुडीवर अडकलंय.

हरिपूर_रस्ता, तीन प्रश्न. पुडी घेतल्यावर दुखणं किती वेळात थांबायचं? आईचा चेहरा गोल झालाय का, वजन वाढलंय का? आणि "मधून मधून" म्हणजे नेमकी किती?

लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. कधी वेदनाशामकही. जडीबुटी तासाभरात सांधा मोकळा करत नाही. महिनोन्महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. मग पुडी एकदम बंद केली तर माणूस गळून जातो, रक्तदाब उतरतो, उलट्या होतात. तुम्ही "सगळं बंद" केलंय. आई कशी आहे?

हरिपूर_रस्ता

आत्ता वाचलं. हात थरथरतोय.

पुडी तासाभरात काम करायची. म्हणून तर ती आवडायची. आईला विचारलं, आधी म्हणाली अधूनमधून, मग म्हणाली एक दिवसाआड, आणि संक्रांतीपासून रोज. चेहरा भरलाय, आम्ही सगळे म्हणत होतो, तब्येत सुधारली.

चार दिवसांपासून ती नुसती पडून आहे. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. काल दोनदा उलटी. मला वाटलं लिव्हरमुळं.

औषधवाला_विटा

आता इथं लिहीत बसू नका. आईला घेऊन निघा, उरलेली पुडी आणि कॅप्सूलची डबी बरोबर घ्या. दारातच सांगा, "रोज स्टिरॉइडची पुडी असावी असा संशय आहे आणि आठवड्यापूर्वी एकदम बंद केली." हेच शब्द.

वॉर्ड_सिस्टर

तातडीच्या विभागात जा, ओपीडीच्या रांगेत नको. काय झालं ते सवडीनं कळवा.

हरिपूर_रस्ता

काल रात्री घरी आणलं. तीन दिवस ठेवलं होतं.

पोचलो तेव्हा रक्तदाब ८४/५०, सोडियमही कमी. पुडी दाखवली. ड्यूटीवरच्या डॉक्टरनं ती बोटांवर घेऊन बघितली आणि कॉर्टिसॉलसाठी, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडसाठी, रक्त घेऊन लगेच सलाइन आणि इंजेक्शन सुरू केलं. कॉर्टिसॉल फारच कमी निघालं. आता स्टिरॉइडची गोळी मोजून देताहेत, आठवड्या-आठवड्यानं उतरवत नेणार. त्यामुळं सांधेही तूर्त आटोक्यात आहेत.

विषाणूंच्या तपासण्या सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफी ठीक. एसजीपीटी १६८.

विट्याच्या दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून चार दिवस वाट बघितली असती. डॉक्टरांपासून मी जी एक गोष्ट लाजेनं ठेवून घेतली, नेमकी तीच आईच्या जिवावर आली होती.

आटपाडीकर

ताई, आई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. गुळवेलीबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. पण एक बोलतो. लोक सांगत नाहीत याला डॉक्टरही जबाबदार आहेत. माझी बायको एकदा डॉक्टरांना म्हणाली, काविळीवर माळ घातली होती. ते नर्ससमोर, बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल असं हसले. त्यानंतर ती कुठल्याही डॉक्टरला काही सांगत नाही. मी सांगतो तिच्या वतीनं, तेही तिला आवडत नाही.

वडिलांची लिव्हरची तपासणी करून घेतो. दहा वर्षांत केलेली नाही.

वॉर्ड_सिस्टर

दादा, तुमचं बरोबर आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. आम्हीही चिडतो. ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात, त्यात पुडी निघाली की तोंडातून काहीतरी जातं. मी नव्या मुलींना एवढंच सांगते की पेशंटनं पुडी दाखवली तर आधी "बरं झालं दाखवलीत" म्हणा, बाकी नंतर.

माळेबद्दल सांगते. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप काही आठवड्यांत उतरते. तेवढ्यात माळ लांब होते, पिवळेपणा जातो, श्रेय माळेला. त्यात तुमच्या बायकोचं काही चुकलं नाही, डोळ्यांना दिसलं तेच तिनं मानलं. पण औषधानं आलेली कावीळ वेगळी. तिथं ज्या गोष्टीनं आली ती पोटात जातच राहिली तर उतरत नाही.

कृष्णामाई_६२

मी पण आमवाताची. मेथोट्रेक्सेट घेते. लिव्हर सांभाळायला लिव्हर टॉनिकचं सिरप घेते. ते चालू ठेवू ना?

औषधवाला_विटा

मावशी, माझ्या दुकानात ही बाटली रोज विकली जाते, तरी खरं ते सांगतो. गोळीचा त्रास सिरपनं खोडून निघतो, असा भरवसा धरू नका. मेथोट्रेक्सेटवर यकृत सांभाळायचं म्हणजे वेळेवर रक्त तपासणं, फॉलिक अॅसिड न चुकवणं, दारू नाही आणि साखर-वजन आटोक्यात. सिरपच्या बाटलीवरची पाठची बाजू वाचा, दहा-बारा वनस्पती असतात. उद्या आकडा वाढला तर संशयितांत आणखी बाराजण. डॉक्टरांना बाटली दाखवून विचारा, त्यांनी ठेवा म्हटलं तर ठेवा.

हरिपूर_रस्ता

सहा आठवड्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल माफ करा, पण बऱ्याच जणांनी निरोप पाठवून विचारलं.

एसजीपीटी २१२, १६८, ९१, आणि परवा ३९. डॉक्टर म्हणाले, नेमकं कशानं झालं हे बोट ठेवून सांगता येणार नाही. तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या आणि चौथी मेथोट्रेक्सेट. परत एकेक देऊन बघण्याचा प्रयोग ते करणार नाहीत आणि आम्हालाही करू नका म्हणाले. मेथोट्रेक्सेट साडेसातनं परत सुरू केलंय, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त.

त्यांनी दुष्परिणामाचा फॉर्मही भरला. मला माहीत नव्हतं, पण औषधांच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी मोफत नंबर आहे, पेशंटही कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधांसाठीही आयुष मंत्रालयाची वेगळी नोंद व्यवस्था आहे असं वैद्यांनी निरोपात सांगितलं.

आईला हळदीचा गुणाकार वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढी हळद एका वेळी आपण लग्नातच बघतो." कॅप्सूल तिनं स्वतः टाकल्या. गुळवेल काढू देत नाही, कडुलिंबावर तशीच आहे. गेल्या आठवड्यात समोरच्या काकू कांडं मागायला आल्या होत्या. आईनं त्यांना पाटावर बसवून विचारलं, "तुम्हाला गोळ्या कसल्या कसल्या चालू आहेत?" थायरॉइडची निघाली. कांडं दिलं नाही, चहा दिला.

नवीन_सभासद_कवठे

आजच नाव नोंदवलं. सासऱ्यांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत, दुसरा महिना. लघवी केशरी होते म्हणून गावातल्या एकानं कावीळ सांगितली, भुईआवळा ठेचून द्यायला लावलाय आणि टीबीच्या गोळ्या आठ दिवस थांबवा म्हणालाय. कालपासून बंद केल्यात. बरोबर केलं का?

क्षयसाथी_जत

ताई, मी टीबीच्या कामातच आहे. केशरी लघवी टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळं होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीही तसं होतं. ती कावीळ नव्हे. उजेडात नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग बघा. पांढरा असेल आणि जेवण जात असेल तर घाबरू नका.

पण या गोळ्यांतल्या तीन औषधांचा, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडचा, यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून घरी ठरवायचं नाही. एसजीपीटी नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाचपट वाढला, किंवा मळमळ-कावीळ असताना तिप्पट, तर डॉक्टरच गोळ्या थांबवतात आणि नंतर एकेक परत सुरू करतात. आपण मधेच थांबवल्या तर जंतू गोळीला दाद देईनासे होतात. भुईआवळाही तोवर थांबवा. कुणी मिरीचा काढा देत असेल तर तोही सांगा, मिरीनं रिफाम्पिसिन रक्तात जास्त जातं.

सासऱ्यांना पित्त, उलटी, खाज, जेवण नकोसं, असं काही आहे का ते आत्ता विचारा. असेल तर आजच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. नसेल तरी उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगा की कालपासून गोळी चुकली आहे आणि भुईआवळा किती दिवस दिला. जाताना तो पाला पिशवीत घालून न्या.

नवीन_सभासद_कवठे

डोळे बघितले. पांढरे आहेत. सकाळी भाकरी खाल्ली. पाला बांधून ठेवलाय, उद्या पहिल्या गाडीनं जातो.